सुरकुती, सावली आणि बावची

मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या सक्करदरा चौकातल्या सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर माणसांचे चेहरे शोधावे लागतात. दुपट्टा कपाळावर ओढून, नाकातोंडावरून फिरवून मानेमागे गाठ मारलेला, त्यावर गॉगल, हातांत कोपरापर्यंतचे सुती मोजे. पुरुषांच्या डोक्याकानांभोवतीही रुमाल घट्ट आवळलेला. बाहेरगावचा पाहुणा हे बघून हसतो, नागपूरकराला त्यात बोलण्यासारखं काही वाटत नाही. ऊन लागू नये म्हणून बांधायचं, एवढंच. याच परिसरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे, औषधांची दुकानं आहेत, ब्युटी पार्लरं आहेत, बुधवारचा बाजार भरतो. वय लपवण्याचे जेवढे म्हणून मार्ग आज लोक धुंडाळतात, ट्यूबमधली क्रीम, ड्रॉपरच्या बाटलीतलं सिरम, वैद्यांचं तेल, डाळीच्या पिठाचा लेप, ते सगळे इथे हाताशी आहेत. महागड्या 'अँटी-एजिंग' क्रीमला कंटाळलेली माणसं हल्ली विचारतात, याला काही नैसर्गिक पर्याय नाही का? पर्याय आहे. पण दुसरी बाटली शोधण्याआधी त्या सिग्नलवरच्या कापडाकडे नीट बघायला हवं, कारण सुरकुत्यांविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्याच बाजूने आहे.

त्वचा दोन वाटांनी म्हातारी होते. एक वाट वयाची. ती कोणाला चुकत नाही, पण एकटी असती तर फारशी दिसलीही नसती. जन्मभर कपड्याखाली राहिलेली पोटावरची किंवा दंडाच्या आतल्या बाजूची कातडी साठीतही पातळ, मऊ, पण बरीचशी नितळ असते. त्याच माणसाच्या हाताची पाठ मात्र खरखरीत, डागाळलेली, सुरकुतलेली. वय दोन्हींचं सारखंच, फरक उन्हाचा. उन्हातले अतिनील किरण, त्यांतही 'यूव्हीए' नावाचा लांब लहरींचा भाग, कातडीच्या आतल्या थरापर्यंत पोचतो आणि तिथे कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांना जाग आणतो. कातडीला ताठपणा देणारे धागे मग थोडे थोडे तुटत जातात आणि नीट सांधले जात नाहीत. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं होतं. २८ वर्षं मालाची गाडी चालवलेल्या या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल दाट घड्यांनी लोंबलेला, उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. खिडकीची साधी काच चटका देणारे 'यूव्हीबी' किरण अडवते, 'यूव्हीए' बऱ्याच प्रमाणात आत सोडते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, तेव्हा चालकाची झीज होणार ती उजव्या गालाची आणि उजव्या हाताची.

एका माणसाचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यातल्या नॅम्बॉर गावाकडे वळू. तिथे १९९०च्या दशकात ५५ वर्षांखालच्या ९०३ माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग चालला. चिठ्ठ्या टाकून गट पाडले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्याने एरवीसारखं मनाला येईल तेव्हा. हाताच्या पाठीच्या कातडीचे साचे सुरुवातीला आणि शेवटी घेऊन ताडून पाहिले. २०१३ साली निष्कर्ष छापले गेले: रोज लावणाऱ्यांच्या कातडीत म्हातारपणाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी. त्याच प्रयोगात काहींना गाजरातल्या बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा उपयोग दिसला नाही. सौंदर्याच्या बाजारात माणसांच्या इतक्या मोठ्या संख्येवर, इतकी वर्षं, असा काटेकोर तपास क्वचितच होतो. चार-सहा आठवडे, तीस-चाळीस बायका, खर्च कंपनीचा, अशी तिथली रीत.

पुढचा आक्षेप ठरलेला: ही गोऱ्यांची दुखणी, आपल्या सावळ्या कातडीला ऊन काय करणार? यात निम्मं तथ्य आहे. कातडीतलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, किरणांचा मोठा वाटा अडवतं, आणि म्हणून आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या माणसांपेक्षा बऱ्याच उशिरा येतात. पण आपल्या कातडीचं वय सुरकुत्यांआधी रंगात दिसतं. गालांवर वांग, कपाळावर आणि डोळ्यांभोवती काळपटपणा, ठिकठिकाणी डाग, असमान रंग. आरशासमोर 'वय दिसायला लागलं' असं मराठी बाई म्हणते तेव्हा बहुतेक वेळा बोलते ती याबद्दलच. आणि सावळ्या कातडीत हा काळपटपणा नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वाढतो. पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवू शकत नाही. लोखंडाचे लाल-पिवळे ऑक्साईड घातलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन काही प्रमाणात अडवतं, आणि जाड कापड तर अडवतंच.

नागपूरकरांना हे आधीच ठाऊक आहे म्हणून त्यांची पाठ थोपटावी, तर तसंही नाही. दुपट्टा बांधला जातो तो तापमानाला भिऊन, लू लागू नये म्हणून. आणि तापमान व किरण यांचं वेळापत्रक वेगळं आहे. मे महिन्यात नागपुरात सूर्य सगळ्यात वर येतो तो बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. २६ मेच्या सुमारास तर तो बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अतिनील किरणांचा जोर तेव्हा टिपेला असतो. पारा चढतो तो त्यानंतर, तीनच्या पुढेमागे. म्हणजे चार वाजता रस्ता तव्यासारखा तापलेला असला तरी किरणांचा जोर उतरणीला लागलेला असतो, आणि सकाळी साडेदहाला वारा बरा वाटतो म्हणून उघड्या तोंडाने निघालेली बाई जास्त किरण घेते. हेच वर्षाच्या हिशेबात. फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात दुपट्टे कपाटात जातात, मात्र त्या महिन्यांतही मध्यान्हीचा सूर्य पुरेसा वर असतो. पातळ ढगांतून किरण येतात, त्यामुळे पावसाळाही पूर्ण सुटीचा नाही. किरणांचा जोर ओळखायला यंत्र लागत नाही, स्वतःची सावली पुरते. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण जोरात आहेत. लांब असेल तर फारशी काळजी नको. डिसेंबरच्या अखेरीस नागपुरात भर मध्यान्हीही सावली जवळजवळ उंचीएवढी पडते, तेव्हा हिवाळ्यात अंगणात सकाळचं कोवळं ऊन खात बसणाऱ्यांना कोणी धाक घालण्याचं कारण नाही.

कापडातही डावं-उजवं आहे. पांढऱ्या पातळ सुती कापडातून किरणांचा पाचवा ते सातवा भाग आरपार जातो. ओलं झालं तर आणखी. गडद रंगाचं, घट्ट विणीचं कापड कितीतरी सरस. कापड उजेडासमोर धरावं. पलीकडचं दिसत असेल तर किरणांनाही वाट आहे. शिफॉनच्या एकेरी घडीपेक्षा जाडसर सुती दुपट्ट्याच्या दोन घड्या बऱ्या. सनस्क्रीनचं गणित याहून अवघड, कारण डब्यावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतल्या जाड थराचा असतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी पट्टी लागते, साधारण एक ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर दीड महिन्यात संपते. उन्हात काम असेल आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असेल तर पंधरवड्यात. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि मग उपयोग होत नाही म्हणतात. कापडाला ही अडचण नाही, ते पुन्हा पुन्हा लावावं लागत नाही.

आता बाटल्यांकडे. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या स्वच्छ करणं, सुशोभित करणं, आकर्षक करणं किंवा रूप बदलणं एवढ्यापुरती आहे. रोग बरा करणं तिच्या कक्षेत नाही. जाहिरातीतली भाषा म्हणूनच इतकी निसरडी असते. सुरकुत्या 'कमी झाल्यासारख्या दिसतात', जातात असं कोणी लिहून देत नाही. खरं तर तसं दिसतंही. कोरडी कातडी ओलावली की बारीक रेषा काही तास भरून येतात, आणि हे काम ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल चोख करतात. महाग क्रीमचा पहिल्या आठवड्यातला चमत्कार बहुधा एवढाच असतो. कोलॅजेन घातलेली क्रीम तर तर्कालाच धरून नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप) जड रेणूंना धड कातडीतून आत शिरणं जमत नाही, आणि कोलॅजेनचा रेणू तीन लाखांच्या घरातला. तो वर बसतो आणि संध्याकाळी तोंड धुताना निघून जातो.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. जीवनसत्त्व 'अ'पासून बनवलेलं ट्रेटिनॉइन हे औषध आधी मुरुमांसाठी आलं. १९८६ साली फिलाडेल्फियाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी उन्हाने जीर्ण झालेल्या कातडीवर त्याचा परिणाम दाखवला आणि पुढच्या नियंत्रित चाचण्यांत तो टिकला. (याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं केलेले त्वचेचे प्रयोग वैद्यकाच्या इतिहासातला काळा अध्याय आहेत. सुंदर कातडीच्या शास्त्राचा पाया दिसायला सुंदर नाही.) ट्रेटिनॉइन आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, सुरुवातीला कातडी सोलते, जळजळते, आणि गरोदरपणात ते टाळायचं असतं. पर्याय शोधण्यामागे हे एक खरं कारण आहे. 'केमिकल नको' या सरसकट भीतीपेक्षा कितीतरी खरं.

तेव्हा घरगुती उपायांना तोच काटा लावू जो क्रीमला लावला. नागपुरात पहिला मान संत्र्याचा. सालं वाळवून केलेली पूड दुधात कालवून तोंडाला लावतात, जीवनसत्त्व 'क' मिळतं या समजुतीने. 'क' जीवनसत्त्व कातडीत मुरायला बऱ्यापैकी आम्ल द्रावणात आणि दहा ते वीस टक्के इतकं असावं लागतं, आणि ते ऊन-हवेने नासतं. गच्चीवर आठवडाभर वाळलेल्या सालीत ते उरतं कुठे? पूड कातडीवरचा मृत थर घासून काढते, तेवढी चकाकी येते. गैर काही नाही, पण वयाशी त्याचा संबंध नाही. लिंबू मात्र तोंडाला लावूच नये. त्याच्या सालीतली आणि रसातली काही द्रव्यं उन्हात कातडी भाजतात, आणि सावळ्या कातडीवर त्याचे काळे चट्टे महिनोन्महिने राहतात. डाग घालवायला लावलेलं लिंबू डागच देऊन जातं. तेलांत खोबरेल आणि सूर्यफूल बरं. मोहरीचं तेल कातडीच्या वरच्या आवरणाला उलट इजा करतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

बावचीची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं हे काळं, मुगाएवढं बी आयुर्वेदात कोडावर वापरतात. १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं एक द्रव्य वेगळं करून त्याची रचना मांडली आणि त्याला बाकुचिओल नाव दिलं. पुढे हेच द्रव्य परदेशी सिरममध्ये 'नैसर्गिक रेटिनॉल' म्हणून, म्हणजे ट्रेटिनॉइनच्याच घराण्यातल्या सौम्य द्रव्याचा पर्याय म्हणून आलं आणि आपल्याकडे चढ्या भावात परतलं. त्याला काही आधारही आहे. 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी'त आलेल्या एका चाचणीत ४४ जणांनी १२ आठवडे अर्धा टक्का बाकुचिओल किंवा अर्धा टक्का रेटिनॉल लावलं. सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत सारखेच कमी झाले, जळजळ आणि सोलवटणं रेटिनॉलकडे जास्त. चाचणी लहान आहे, पण प्रामाणिक आहे. इथवर सगळं ठीक. घोटाळा होतो तो पुढे, जेव्हा कोणी म्हणतं, मग इतके पैसे कशाला, बावचीच कुटून तेलात मुरवू. बावचीच्या बीत बाकुचिओलबरोबर सोरालेनही असतं, आणि सोरालेनचं काम नेमकं उलटं: ते कातडीला उन्हासाठी हळवं करतं. कोडाच्या उपचारात त्याचा उपयोगच तो. बावची लावून मोजूनमापून ऊन द्यायचं, म्हणजे रंग परत येतो. ती पूड तोंडाला लावून कोणी नागपूरच्या उन्हात बाहेर पडलं तर फोड येतील आणि त्यांच्यामागून काळे डाग. एकाच बीत औषध आणि त्याचा शत्रू शेजारी नांदतात. त्यांना वेगळं करण्याचं जे काम प्रयोगशाळेने केलं तेच नको म्हणणं, याला नैसर्गिकतेचं प्रेम म्हणता येणार नाही.

यावर आयुर्वेदाची बाजू घेणारे म्हणतील, हजारो वर्षांच्या अनुभवाला तुम्ही एका चाचणीने मोडीत काढता. उलट माझी तक्रार अशी आहे, की आयुर्वेदाच्या नावाने विकणाऱ्यांनी आयुर्वेद पुरता वाचलेला नाही. जरा, म्हणजे म्हातारपण, हा आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एका अख्ख्या अंगाचा विषय आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाची सुरुवातच रसायनाने, म्हणजे तारुण्य टिकवणाऱ्या उपायांनी, होते. तिथे मलमाला फारशी जागा नाही. आवळा, हिरडा, गुळवेल, पुनर्नवा, शतावरी, मंडूकपर्णी ही सगळी पोटात घेण्याची द्रव्यं. आणि त्यांच्याइतकाच भर खोटं न बोलणं, न संतापणं, मद्यापासून दूर राहणं, झोप आणि जागरण यांचा मेळ ठेवणं, अशा वागणुकीवर. त्याहून लक्ष वेधून घेते ती रसायन घेण्याच्या दोन पद्धतींची विभागणी. एक वातातपिक, म्हणजे वाऱ्या-उन्हात वावरत घ्यायची. दुसरी कुटीप्रावेशिक, म्हणजे तीन आवरणांच्या, बारीक झरोक्यांच्या कुटीत राहून घ्यायची. आणि चरकाच्या मते हीच श्रेष्ठ. त्या कुटीमागे शुद्धी, पथ्य, एकांत अशी बरीच कारणं होती, चरकाला अतिनील किरण ठाऊक होते असला दावा कोणी करू नये. तरी जरेवरच्या सर्वोत्तम उपायाची जागा त्याने उन्हाबाहेर ठरवली, आणि आजच्या 'हर्बल अँटी-एजिंग' डबीवर नेमकी तीच गोष्ट लिहिलेली नसते.

'गुण नाही आला तरी अपाय तर नाही', हा घरगुती आणि बिनकंपनीच्या क्रीमांचा शेवटचा आधार. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक हकिगत वर्तमानपत्रांत आली होती. तोंडाला लावायच्या क्रीममुळे एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासात त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळातल्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण मांडले. त्यांतल्या १५ जणांत एक खास खूण सापडली आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो आणि विकणाऱ्यावर विश्वास बसतो. स्टिरॉइडच्या मलमांचंही तेच: आठ दिवसांत तुकतुकी, सहा महिन्यांत पातळ, लाल, केसाळ कातडी. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीच्या औषधांत टाकली, तरी ती मागितली की मिळतात. फार झटपट गुण देणाऱ्या क्रीमचाच आधी संशय घ्यावा.

ऊन टाळलं तर 'ड' जीवनसत्त्वाचं काय, असा प्रश्न डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडे त्याची कमतरता सर्रास आहे, हे खरं. पण चेहरा म्हणजे अंगाच्या कातडीचा लहानसा तुकडा. 'ड' कमवायला हातपाय, पाठ जास्त कामाची, आणि रक्ततपासणी करून कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं औषध स्वस्त आहे. त्यासाठी गाल भाजून घ्यायला नकोत. उन्हाखालोखाल दोष कोणाचा असेल तर तंबाखूचा. बिडी-सिगारेटने सुरकुत्या वाढतात हे सिद्ध आहे; आणि नागपुरातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, तर गालाची आतली बाजू दोरीसारखी ताठ करतो, तोंड उघडेनासं होतं, गाल खोल जातात. पानठेल्यावर खर्रा घोटून घेऊन तोंडाला सिरम लावणाऱ्याला त्वचातज्ज्ञ काय सांगणार?

राहता राहिला सगळ्यात अवघड आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. सावली परवडते कोणाला? चरकालाही हा प्रश्न पडला होता. कुटीतलं रसायन धडधाकट, संयमी, मोकळा वेळ असलेल्या आणि साधनसामग्री बाळगणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी वाऱ्या-उन्हातलंच घ्यावं, असं त्याने स्वच्छ सांगून ठेवलं. बुधवार बाजारात सकाळपासून भाजी मांडून बसलेल्या बाईला सावलीत जा म्हणणं म्हणजे धंदा गुंडाळ म्हणणं. ती पदर ओढते, डोक्यावर गोणपाट किंवा ताडपत्रीचा तुकडा ताणते. पंधरवड्याला सनस्क्रीनची ट्यूब तिच्या हिशेबात बसत नाही. तिच्यापुरता हा प्रश्न सौंदर्याचा राहत नाही, नगरपालनाचा होतो. अलीकडच्या उन्हाळ्यांत नागपुरात काही सिग्नलांवर हिरव्या जाळ्या ताणल्या गेल्या, ते चांगलंच झालं. पण त्यांची मुदत लू ओसरेपर्यंत असते आणि लाभ मिनिटभर थांबणाऱ्याला. बाजाराच्या ओट्यांवर कायमचं छत, शाळांच्या कवायती साडेनऊच्या आत उरकणं, फुटपाथच्या कडेला कडुनिंब आणि करंज, हे त्याहून टिकाऊ. रस्ता रुंद करताना तोडल्या जाणाऱ्या झाडांच्या बदल्यात सध्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लागते. ती दिसते छान, पण तिच्या सावलीत कोणाला उभं राहता येत नाही.